उंच पडदे, बारीक मान

शहापूर, २० नोव्हेंबर १९८३

चि. यादोराव,

जयभीम. तुझं कार्ड मिळालं. ‘प्रकृती’ हा शब्द तू चार ओळींत दोन प्रकारे लिहिला आहेस आणि दोन्ही चुकीचे. चौथीत तुला मीच शिकवलं, त्यामुळे ही बदनामी माझीही आहे. माझी प्रकृती उत्तम. राग आला की माणसाचं रक्त फिरतं राहतं, आणि निवृत्त मुख्याध्यापिकेला शहापुरात रागाचा तुटवडा पडत नाही.

ताजं कारण ऐक. आमच्या महिला गायन मंडळाला यंदा अकरा वर्षं झाली. दर चौदा एप्रिलला जयंतीच्या मंडपात आमची गाणी होतात. परवा समितीचा सचिव मारोतराव घरी आला. माझ्याच छडीखाली पाढे शिकला आणि आता मला ‘बाई, तुम्ही आराम करा’ म्हणतो. त्याचं म्हणणं असं की लोकांना आता कर्ण्यातून घुमणारं संगीत लागतं, बायकांचं वाद्य मागच्या रांगेला ऐकूच येत नाही. तेव्हा यंदा तुमसरहून ऑर्केस्ट्रा बोलावू आणि महिला पाहुण्यांना फुलं देतील. फुलं. आमच्या मंडळातली बायजाबाई गायला लागली की हायवेवरचा ट्रकवाला मान वळवून बघतो, आणि ती फुलं देणार.

मी म्हटलं, करंटवालं वाद्यच हवं असेल तर करंटवालं वाद्य आणू. मार्चअखेर समितीची बैठक आहे. तिथे वाजवून दाखवलं तर मंडप आमचा, नाहीतर तुमसरवाल्यांचा. असं ठरलं आहे.

म्हणून तू सीताबर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानात जाऊन इलेक्ट्रिक गिटार बघ. रंग कळवू नकोस. दोनच गोष्टी बघायच्या, मान आणि पडदे. मान म्हणजे डाव्या मुठीत धरतात तो लांब दांडा. पडदे म्हणजे त्या मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या. सतारवाले पडदे म्हणतात, आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर फ्रेट म्हणायच्या. मान बारीक हवी, कारण वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. पडदे उंच आणि जाड हवेत, म्हणजे तार पार लाकडापर्यंत दाबावी लागत नाही, बोट टेकलं की सूर निघतो.

मान मुठीत धरून बघ. नुसत्या डोळ्यांना ती कळत नाही.

बेबीला आशीर्वाद.

तुझी
मालनमावशी


इंदोरा, नागपूर
४ डिसेंबर १९८३

आदरणीय मावशी,

सप्रेम जयभीम. शुद्धलेखनाचं मनावर घेऊ नका. मी बोलतो तसाच लिहितो, नाई तं कागद कोराच राह्यते.

मालगाडीवरून उतरलो तसा सीताबर्डीवर गेलो. दुकानात तीन गिटारी हायेत. एक लालभडक हाये, कलकत्त्याची, आरशावानी पॉलिश. तिले पाह्यलं आन् मले दुसरं काई दिसलंच नाई. मान मजबूत वाटते. पडदे मोजले, बावीस हायेत. बाकी दोन गिटारी साध्या हायेत, त्याईचं काई सांगत नाई.

एक इचारतो. वाजवनारा पोरगा कोन हाये? कितीक वर्षांचा? जवान पोराचे हात मोठे राह्यते, त्याले बारीक मान कायले पाह्यजे? बोटं मिटत नसन तं रोज रबरी बॉल दाबाले सांगा. आमच्या गार्डाईत एकाचा हात तसाच बरा झाला. लालवाली घेऊन टाकू. तो स्टेजवर उभा राह्यला का तुमसरवाले पाह्यतच राह्यतीन.

तुमचा
यादोराव


शहापूर, ९ डिसेंबर १९८३

चि. यादोराव,

वाजवणारा पोरगा साठ वर्षांचा आहे, पांढरं पातळ नेसतो आणि तुझी मावशी आहे.

तुझ्या मनात हे का आलं नाही, हा प्रश्न मी दोन दिवस स्वतःला विचारते आहे. सोळाव्या वर्षापासून मी गिटार वाजवते. कॉन्व्हेंटात पियानो बड्या घरच्या मुलींसाठी होता. आम्ही त्याच्यावरची धूळ पुसायची. पण एक तरुण सिस्टर कपडे वाळत घालायच्या अंगणात गिटार घेऊन बसायची, आणि तिला शिष्याची हौस होती. आपल्या देशी परत जाताना ती गिटार मला देऊन गेली. आजवर मंडळाची सगळी गाणी तिच्यावर झाली. तू लहानपणी त्याच गिटारीच्या पोटात चिंचोके टाकले होतेस. आणि आता तू विचारतोस, पोरगा कोण.

हाताचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. जुलैत भंडाऱ्याहून येताना एस.टी.तून उतरता उतरता कंडक्टरला शिस्त शिकवत होते. गाडी थांबायची होती, मी थांबले नाही. मनगट मोडलं. दोष माझा आहे, हे त्या कंडक्टरला कळता कामा नये. हाड जुळलं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यावर येऊन थांबतात. सिस्टरच्या गिटारीची मान ओसरीच्या खांबाएवढी, तारा उंच. ती आता माझ्या मुठीत येत नाही. मंडळाला वाटतं की बाईंचा हात थोडा अवघडला आहे. खरं त्यांना कळलं तर त्या स्वतःहून फुलं घेऊन उभ्या राहतील, इतक्या त्या भल्या आहेत.

रबरी बॉल मी ऑगस्टपासून दाबते आहे. दोन बॉल शेजारच्या कुत्र्याने नेले, हा तिसरा.

तुला पडद्यांची उंची विचारली होती, तू संख्या सांगतोस. पुन्हा जा. मान धर.

मालनमावशी


इंदोरा, नागपूर
२८ डिसेंबर १९८३

आदरणीय मावशी,

जयभीम. माफी मांगतो. तुमचं पत्र बेबीनं मोठ्यानं वाचलं. पांढऱ्या पातळाच्या ओळीवर ते इतकी हासली का चुलीवरचं दूध गेलं. मी नाई हासलो. म्हंजे पह्यले नाई हासलो.

हात मोडला आन् आमाले एका अक्षरानं कळवलं नाई, हे काई बरं केलं नाई तुमी.

आता खुशखबर. दुकानातल्या मानसाले समदं सांगतलं. तो म्हने, लेडीज हाये, उमर हाये, हात दुखते, तं हवायन गिटार द्या. ते मांडीवर आडवी ठेवाची, वरून लोखंडी कांडी फिरवाची. मान मुठीत धराचं कामच नाई. पडदे तं त्याले नुसते रंगाचे पट्टे राह्यते, दाबाचं काई नाई. इलेक्ट्रिक बी येते. तो म्हने, नागपुरातल्या समद्या लेडीज हेच वाजवते, बसून, पदर सांभाळून. मले तं वाटते तुमच्यासाठीच बनवली हाये. आनू का?

तुमचा
यादोराव


शहापूर, ४ जानेवारी १९८४

चि. यादोराव,

आणू नकोस.

हवायन गिटार मी ऐकली आहे. रेडिओवर दुपारी लागते, जेवल्यावर झोप यावी म्हणून. सूर कसा घसरत घसरत येतो, पाहुणे निघताना दारात अर्धा तास रेंगाळतात तसा. आमची गाणी चालीने चालायची आहेत. बायजाबाईच्या धानाच्या रोवणीच्या गाण्यात बायका चिखलात एकदम वाकतात आणि एकदम उठतात, तिथे तार खाडकन वाजून खाडकन थांबली पाहिजे. लोखंडी कांडीने ते होत नाही. आणि पदर सांभाळायचा म्हणशील तर मी चौतीस वर्षं उभं राहून शिकवलं, पदर एकदाही पडला नाही. त्या माणसाला हे सांग.

तू मानेबद्दल अजूनही काही लिहिलेलं नाहीस. कदाचित शब्दांत सांगून तुला कळत नसेल, असं समजून मी दुसरी तजवीज केली आहे.

बुरडाच्या कवडूकडे गेले. त्याच्या ओट्यावर बसून सांगितलं, माझ्या मुठीच्या मापाची मान हवी. त्याने भरीव बांबू घेतला, उभा चिरला, गोल बाजू तळव्याकडे, सपाट बाजू बोटांकडे. मी धरायची, तो सुरीने तासायचा, मी पुन्हा धरायची. चार दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी तो वैतागून म्हणाला, “बाई, टोपलीवाले एक डाव माप सांगते आन् जाते. तुमचा हात तं रोज नवीन माप सांगून राहिला.” खरंच होतं. सकाळी हात आखडलेला असतो, दुपारी सैल. शेवटी सकाळच्या हाताला पसंत पडेल ती मान ठेवली. मग सायकलच्या स्पोकचे तुकडे त्याने सपाट बाजूवर आडवे बांधले, पडदे म्हणून. बारीक स्पोक बांधला तर बोट लाकडाला टेकून दुखतं. जाड बांधला तर बोट हवेतच राहतं आणि दुखत नाही. हे मला पुस्तकात कोणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मूठ मिटली, यादोराव. दोन्ही बोटं जागेवर बसली. कवडूने सुरी खाली ठेवली.

तो बांबू शाळेच्या शिपायाबरोबर पाठवते आहे. सोबत चिठ्ठी बांधली आहे. दुकानात बांबू एका हातात, गिटार दुसऱ्या हातात, असं धरून बघ. याच्याशी जुळेल ती माझी.

मालनमावशी


इंदोरा, नागपूर
१९ जानेवारी १९८४

आदरणीय मावशीबाई,

बेबीचा जयभीम. हे आठ दिवसापासून डोंगरगडच्या लाईनीवर हायेत, म्हनून मीच लिहून राहिली. तुमच्या शिपायानं बांबू आनून देला. चिठ्ठी वाचली. ‘पडदे याच मापाचे, उंच हवेत. जपून.’

मावशीबाई, मले काय बोलू आन् काय नाई असं झालं. लग्नाले अकरा वर्षं झाले, सासरकडच्या कोनी माह्या घरासाठी कधी एक वस्तू पाठवली नाई. तुमी दुरून ध्यानात ठेवलं का समोरच्या खोलीच्या खिडकीले पडदे नाई. बांबू तं इतका गुळगुळीत हाये का पातळाचा धागा बी अडकत नाई. वरून तारा कायले बांधल्या ते पह्यले समजलं नाई. मंग समजलं, कड्या सरकू नाई म्हनून. कोनाचं डोकं चालते असं.

उंच लिव्हलं होतं म्हनून मी पडदे वरून खालच्या फरशीपर्यंत सोडले. हिरवे घेतले. भिंतीत दोन खिळे ठोकून बांबू बसवला. आजूबाजूच्या बाया पाहून गेल्या. मी समद्याईले सांगतलं, आमच्या मावशीबाईनं पाठवला, त्या कॉन्व्हेंटात शिकल्या हायेत.

तब्येत सांभाळा. हाताले तेल लावत जा.

तुमची
बेबी


शहापूर, २४ जानेवारी १९८४

चि. यादोराव,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. बेबीला दाखवू नकोस.

घरी पोचलास की समोरच्या खोलीच्या खिडकीकडे बघ. तिथे जो पडद्याचा दांडा आहे तो माझ्या गिटारीची मान आहे. माझ्या चार दिवसांच्या आणि कवडूच्या चार दिवसांच्या कामावर हिरवे पडदे लटकत आहेत.

दोन दिवस मी घरात एकटीच बोलत फिरले. इतक्या वर्षांत मी मुलांना हजारदा बजावलं असेल की वाक्य असं लिहा, वाचणाऱ्याला दुसरा अर्थ लावता येऊ नये. आणि स्वतः ‘पडदे उंच हवेत’ असं लिहून बांबूला बांधते. मी कुठल्याही विद्यार्थ्याला याचे शून्य गुण दिले असते.

बेबीला रागावायचं म्हणून दोनदा पेन उचललं आणि खाली ठेवलं. तिच्या पत्रातली अकरा वर्षांची ओळ मला पार करता येईना. तिला मी वेगळं लिहिते आहे की पडदे शोभत असतील. तू असं कर, बाजारातून दुसरा दांडा आण, गुपचूप बदल, आणि बांबू घेऊन दुकानात जा. बैठकीला दोन महिने राहिले आहेत. मला वाजवायला हात बसवावा लागेल.

मावशी


इंदोरा, नागपूर
६ फेब्रुवारी १९८४

आदरणीय मावशी,

जयभीम. तुमचं पत्र बेबीच्या हाती लागलंच. डब्यासंगं पिशवीत होतं. वाचून ते पह्यले लाजली, मंग खिडकीखाली बसून हासली, मंग म्हने, “मावशीबाईची मान माह्या खिडकीत फाशी गेली.” दांडा तिनं सोताच उतरवला. पडदे सुतळीवर टांगले. म्हन्ते, पडदे तं मावशीबाईमुळंच आले, दांडा गेला तं गेला.

आता माह्या मनातली गोष्ट लिहितो. रागवा, पन वाचा.

मी दुकानात गेलोच नाई. एक डाव बी नाई. लालवाली मी बाहेरून पाह्यली. बावीस पडदे काचेतून मोजले. हवायनचं सांगनारा मानूस मले पानठेल्यावर भेटला.

मॅट्रिक झालो त्या वर्षी मी तिथं आत गेलो होतो. एक मेंडोलिन टांगून होतं. दुसरे पोरं हात लावून पाहून राहिले होते. मी हात पुढं केला तं मालक म्हने, तू लावू नको, तू बाहेरून पाह्य. काहून म्हनला ते मी इचारलं नाई. मले समजलं होतं. आता मालक तो नाई, नोकर तो नाई, मी बी तो नाई. सरकारी वर्दी हाये माह्या आंगावर. पन पायरीवर आलो का हात खिशात जाते. तुमी पत्रात लिहिता, धरून पाह्य, धरून पाह्य. मी कसं सांगू.

तुमची बैठक माह्यापायी जाऊ नाई म्हनून लिहिलं.

यादोराव


शहापूर, १० फेब्रुवारी १९८४

चि. यादोराव,

तुझं पत्र वाचलं. शुद्धलेखन तपासलं नाही.

हे तू मला वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस. तेव्हा माझे पाय आताहून चांगले होते आणि मी चालत सीताबर्डीला आले असते.

येत्या पंधरवड्यात मी येते आहे. तू लाईनीवर असशील तर बेबी माझ्याबरोबर चालेल.

मावशी


शहापूर, २७ फेब्रुवारी १९८४

चि. यादोराव,

तू चौथ्या दिवशीही लाईनीवरून आला नाहीस म्हणून परत निघाले. जे झालं ते बेबी तुला रंगवून सांगेलच. खरं काय झालं ते मी लिहिते.

आम्ही दोघी दुकानात शिरलो. बेबीच्या हातात बांबू. नोकराने बांबूकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि टोपल्या मागच्या दाराने घेतो म्हणाला. मी त्याला इंग्रजीत बसायला खुर्ची मागितली. माझं इंग्रजी सिस्टर लोकांचं आहे, त्यात माणसाला उभं राहायची शिक्षा आपोआप मिळते. दोन खुर्च्या आल्या. मग मी मराठीत सांगितलं की तिन्ही गिटारी खाली काढा, मी तिन्हींना हात लावणार आहे. बेबी म्हणाली, मी पण लावणार आहे. आणि तिने खरोखरच दुकानातल्या प्रत्येक वस्तूला हात लावला. ढोलक, तबला, बासऱ्या, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा. नोकर तिच्या मागे मागे फिरत होता. तिने त्याला विचारलं, भाऊ, तुमाले काई पाह्यजे का?

तुझी लालवाली आधी धरली. दिसायला नवरी आहे. मान मुसळासारखी, आणि पॉलिश इतकं की तळवा चिकटून बसतो, पुढे सरकतच नाही. पडदे बुटके. करंगळी अर्ध्यात थांबली.

दुसरीची मान बारीक होती. मला वाटलं झालं. पण पडदे झिजून सपाट, तार दाबली तर बोट लाकडात रुतायचं आणि आवाज जीभ जड झालेल्या माणसासारखा. पाच मिनिटांत मनगट दुखलं. मी खाली ठेवली. तेव्हा मात्र मला भीती वाटली, कारण तिसरी गिटार मळकट तपकिरी होती, जुनी, कोणा ऑर्केस्ट्रावाल्याने आणून ठेवलेली, आणि नोकर ती काढायला तयारच नव्हता. ती तुमच्या कामाची नाही म्हणाला. बेबी म्हणाली, ते हात ठरवन.

बेबीने बांबू माझ्या डाव्या मुठीत दिला. मी डोळे मिटले. तिने बांबू काढून घेतला आणि गिटार दिली. यादोराव, मला फरक कळला नाही. मानेच्या मागचं पॉलिश त्या आधीच्या माणसाच्या हाताने घासून गेलेलं, लाकूड कवडूने तासल्यासारखं उघडं. पडदे जाड, उंच. चारही बोटं जागेवर बसली आणि तार वाजली. पुढे मी काय काय वाजवलं ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा दारात दोन-चार माणसं उभी होती आणि नोकर ढोलकाला टेकून ऐकत होता.

तीच गिटार घेऊन आले. एक अडचण आहे, ती तुलाच सांगते. पडदे इतके उंच की जास्त जोर लावला तर तार खाली दबते आणि सूर चढतो, बेसूर होतो. मला हलकं धरायची सवय नाही. मी खडू धरला तरी मोडतो.

मावशी


इंदोरा, नागपूर
८ मार्च १९८४

आदरणीय मावशी,

जयभीम. काल ड्युटी सुटल्यावर मी त्या दुकानात गेलो. आत. एकटाच. वर्दीत नाई, साध्या शर्टात. म्हनलं, ते लाल गिटार दाखवा. त्यानं देली. मी मान धरली, चांगली मुठीत धरली, दोन मिनिटं धरून उभा राह्यलो.

मावशी, खरंच मुसळ हाये.

मंग वापस देली आन् बाहेर आलो. बेबीले सांगतलं तं तिनं साखर घातलेला भात केला. चौदा एप्रिलले मले ड्युटी हाये, येता येत नाई. पत्र मोठं लिहा.

यादोराव


शहापूर, ३१ मार्च १९८४

चि. यादोराव,

घाईत कार्ड. काल बैठक झाली. समितीसमोर वाजवलं. मंडपवाल्याच्या अॅम्प्लिफायरला तार जोडली तेव्हा पहिल्या आवाजाला पंचायतीच्या छपरावरची कबुतरं उडाली. मंडप आमचा, पण ऑर्केस्ट्राच्या जागी भाषणं वाढवली आहेत आणि आम्हाला सगळ्यात शेवटी तीन गाणी. लोक तोवर उठून जातील असा मारोतरावाचा हिशेब दिसतो. हात अजून जोर लावतो.

मावशी


शहापूर, १६ एप्रिल १९८४

चि. यादोराव,

तू म्हणालास मोठं लिहा, म्हणून मोठं लिहिते आहे.

भाषणं पाच झाली. संध्याकाळी मारोतराव माइकवर आला आणि म्हणाला की आता शेवटी आपल्या माताभगिनींचा एक छोटासा प्रयत्न सादर होईल. छोटासा प्रयत्न. अकरा वर्षं आम्ही तिथे गातो आहोत. मी गिटार गळ्यात अडकवून उभी होते. त्या दोन शब्दांनी माझ्या डाव्या हातात जो जोर आला तो जुलैपासून आला नव्हता. पहिलाच सूर दिला आणि तो कर्ण्यातून असा तिरपा, चढलेला बाहेर पडला की पुढे बसलेल्या पोराने कानांवर हात ठेवले. पुन्हा दिला, आणखी चढला. मागे लोक चपला शोधायला लागले. मारोतराव खुर्चीत मागे टेकून बसला होता. मला वाटलं, गेलं. अकरा वर्षं गेली.

बायजाबाई माझ्याकडे वळली. तिला सूर कळतो, पडदे कळत नाहीत, माझ्या बोटांचं तर तिला काहीच माहीत नाही असं मी धरून चालले होते. तिच्या तोंडासमोर माइक आहे हे तिच्या लक्षात नव्हतं. ती म्हणाली, “बाई, मारोत्याचा गळा सोडा, गिटारीचा धरा.”

हे सगळ्या शहापूरने कर्ण्यातून ऐकलं. हायवेपर्यंत गेलं असेल. मंडप असा हसला की चपला शोधणारे परत बसले. मारोतराव हसला, कारण न हसून त्याला चाललं नसतं. आणि मी हसले. व्यासपीठावर, शिस्तीचा सगळा पुतळा खाली ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसताना माणसाला मूठ आवळता येत नाही, हे मला साठाव्या वर्षी कळलं. बोटं सैल पडली, तारेवर नुसती टेकली, आणि सूर निघाला. सरळ, स्वच्छ, जिथे निघायला हवा तिथे.

बायजाबाईने रोवणीचं गाणं उचललं. ‘वाका’ म्हटलं की तार खाडकन, ‘उठा’ म्हटलं की पुन्हा. तिसऱ्या फेरीला बायका जागेवरून वाकायला आणि उठायला लागल्या, मग पुरुषही. तीन गाणी ठरली होती, सात झाली. सातव्याला मारोतराव स्वतः माइकची तार धरून उभा होता, ती पायात येऊ नये म्हणून. मी त्याला मनातल्या मनात चौथीचा एक गुण वाढवून दिला.

मग मी मंडळाला हाताचं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्हाला ऑगस्टपासून माहीत आहे, कुत्र्याच्या तोंडात रोज रबरी बॉल दिसतो. फुलं घेऊन उभं राहायला कोणी तयार नव्हतं, म्हणून गप्प होत्या.

आज सकाळी बायजाबाई आली. दारातच म्हणाली, एक डाव धरू द्या. तिचे हात तू पाहिले आहेस, रोवणीचे, कापणीचे, पंजा माझ्या दीडपट. गिटार घेतली, मान मुठीत धरली, आणि मूठ मिटून बोटं पलीकडून पुन्हा अंगठ्याला लागली. “हे तं काडी हाये, बाई,” म्हणाली, “धरल्यावानीच वाटत नाई.” तरी सोडेना. एकाच तारेवर एकच बोट ठेवून दुपारपर्यंत बसली होती. जेवायला घरी गेली नाही. सूर मात्र एकदाही चढू दिला नाही.

तर यादोराव, तुझी ती लाल मुसळवाली अजून दुकानात आहे का, ते उद्याच्या उद्या आत जाऊन बघ. तिथे टांगलेली दिसली तर मालकाला सांग, कोणाला देऊ नका, तिचा हात शहापुरात सापडला आहे.

तुझी
मालनमावशी